थेंबे आणि ताईंचा उजवा डोळा

“डॉक्टरांना काय सांगायचं ते सांग, पण बाटलीचं नाव काढू नकोस.”

“मग काय सांगू? डोळा आपला आपणच बिघडला?”

“बिघडतात की. रोज पन्नास येतात तसले.”

“त्या पन्नासांच्या घरात तू राहत नाहीस.”

हे मी बंद दाराबाहेर उभी राहून ऐकलं. ऐकायला म्हणून गेले नव्हते, कात्री परत द्यायला गेले होते. पण आत भांडण चालू असलं की हात काही कडीकडे जात नाही. आत समोरच्या बिऱ्हाडातले बहीणभाऊ होते. या गोष्टीला तीस वर्षं तरी झाली असतील.

“तुला माझी नोकरी घालवायचीय का?”

“आणि तुला माझा डोळा?”

मोरीतला नळ कोणीतरी मोठा सोडला. मी कात्री घेऊन तशीच घरी आले.

भावाला सगळे थेंबे म्हणायचे. ते काही त्याचं आडनाव नव्हे. आमच्या रस्त्याच्या टोकाला डोळ्यांचा दवाखाना आहे, तिथे पेशंटच्या डोळ्यात थेंब घालायचं काम त्याच्याकडे होतं, म्हणून थेंबे. बाहेर लांब बाकावर माणसं ओळीने बसलेली. ज्या डोळ्यात घालायचे त्या भुवईवर हा कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, म्हणजे चूक नको. मग एका टोकापासून सुरुवात. “मान वर. छताकडे बघा. झालं. मिटा. पुसायचं नाही, पुसलंत तर पुन्हा घालीन.” दहा मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून. त्याचा थेंब कधी गालावर ओघळला नाही. रडून हैराण करणाऱ्या पोराला तो आडवं करायचा, मिटल्या डोळ्याच्या कोपऱ्यात थेंब ठेवायचा आणि गप्प उभा राहायचा. पोर कधीतरी डोळा उघडणारच. उघडला की थेंब आत. त्याचा धीर मोठा होता, नाही म्हणायचं कारण नाही.

बहीण त्याच्याहून नऊ वर्षांनी थोरली. तिला सगळा जिना ताई म्हणायचा, मीही. आईवडील लवकर गेले, ताईंनी याला वाढवला. स्वतः लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, “एकाला वाढवताना पुरेवाट झाली, दुसरा कुठे आणता?” त्या रफू करायच्या. साधंसुधं नाही. कोटाला विडीने भोक पडलं, कसरीने शाल खाल्ली, की लाँड्रीवाला ते ताईंकडे पाठवायचा. त्या कपड्याच्याच आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायच्या आणि भोकावर पुन्हा कापड विणायच्या, दोन वर, एक खाली, जशी मूळची वीण असेल तशी. झाल्यावर भोक कुठे होतं ते मालकालाही सापडायचं नाही. धागा ओवायच्या आधी टोक ओठात धरून ओलं करायचं आणि डोळ्यासमोर आणायचं, हे दिवसातून शंभर वेळा.

तर त्या वर्षी ताईंना चार दिवस सणसणून ताप आला. ताप उतरला आणि ओठाच्या कडेला फोड आले, येतात तसे. त्याकडे कोण बघतंय. पाठोपाठ उजवा डोळा लाल झाला. पाणी वाहायला लागलं, वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं, उजेड सोसेना. त्यांचं काम सगळं खिडकीशी, आणि खिडकीच नको झाली.

थेंब्याने दवाखान्यातून एक बाटली आणली. कोणी पेशंट बाकावर विसरून गेलेला, अर्धी शिल्लक. आतलं औषध दुधासारखं पांढरं, हलवून घालायचं. अकरा वर्षं तो बघत होता. ऑपरेशन झालेली माणसं लाल डोळे घेऊन यायची, डॉक्टर पांढरे थेंब द्यायचे, आठवड्यात डोळे निवळायचे. डॉक्टर आधी दिव्याखाली बघायचे आणि मग द्यायचे. ते बघणं आतल्या खोलीत व्हायचं, देणं बाहेर. आत हा सामान हातात द्यायला जायचा तेवढाच, दिव्याखाली काय दिसतं ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा आम्हाला कुणाला ते कळलं नाही. जिन्यावर कुणाचाही डोळा आला की थेंबे होताच. आमच्या ह्यांच्याही डोळ्यात त्याने दोनदा काहीबाही घातलं होतं आणि हे बरेही झाले होते.

दिवसातून चार वेळा थेंब सुरू झाले. तिसऱ्या दिवशी लाली गेली. खुपणं गेलं. ताई पुन्हा खिडकीशी बसल्या. मी म्हटलं, “घरात माणूस असावा तर असा.” थेंबे नुसता हसला, पण दोन दिवस जिना चढताना पावलं जरा वाजवत होता.

थेंब सुरू होऊन दहाअकरा दिवस झाले असतील. लाँड्रीवाला एक कोट घेऊन परत आला. बाहीवरचं रफू दिसत होतं. बावीस वर्षांत असं पहिल्यांदा.

“ताई, गिऱ्हाईक म्हणतंय, भोक होतं ते बरं होतं.”

“उजेड कमी होता त्या दिवशी,” ताई म्हणाल्या आणि कोट ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे कात्री मागायला गेले. त्या लोकरीची शाल उसवत बसल्या होत्या. मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मी पाहते तर उजव्या डोळ्यात, अगदी बुबुळावर, लोकरीचा तंतू बसलेला. पापणीसुद्धा लवत नव्हती.

“ताई, डोळ्यात लोकर गेलीय तुमच्या.”

“कुठे? मला तर काही टोचत नाही.”

मी आरसा दिला. त्यांनी पाहिलं, पाण्याने डोळा धुतला. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, डावा डोळा हाताने झाकून खिडकीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“वहिनी, काचेवर दूध सांडलंय का हो?”

काचेवर काही नव्हतं.

संध्याकाळी थेंबे जिन्यात भेटला तेव्हा मी त्याला लोकरीची गोष्ट सांगितली. मला वाटलं हसेल. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. त्याने दवाखान्यात पाहिलं होतं, डॉक्टर कधीकधी कापसाचा केसाएवढा तंतू करून बुबुळाला हळूच टेकवतात. माणसाने पापणी मिटली तर ठीक. नाही मिटली तर डॉक्टर “हं” म्हणतात आणि बराच वेळ लिहीत बसतात. का, ते त्याने कधी विचारलं नव्हतं. पण ते “हं” त्याच्या लक्षात होतं.

त्याच संध्याकाळी मी ते भांडण ऐकलं.

सकाळी ताईच माझ्या दाराशी आल्या. “वहिनी, चला माझ्याबरोबर. भाऊ तिथेच आहे, पण तो कामावर असणार.” बाटलीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही काढलं नाही. पण चालताना माझ्या लक्षात आलं, त्यांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत काहीच नव्हतं. बाटली घरी राहिली होती.

डॉक्टर म्हणजे जाडसर, कमी बोलणारा माणूस. अंगात स्वेटर, आणि स्वेटरचं कोपर उसवलेलं. ताईंचा एक डोळा गेलेला, दुसऱ्याने त्यांनी पहिलं तेच पाहिलं.

“डॉक्टर, कोपराला रफू लागेल.”

“आधी तुमच्या डोळ्याचं बघू,” डॉक्टर म्हणाले.

मला कोपऱ्यात स्टूल मिळालं. थेंबे डॉक्टरांच्या मागे उभा होता, हातात तपासणीच्या कागदी पट्ट्यांची डबी. आम्हाला ओळखत नसल्यासारखा भिंतीकडे बघत होता.

डॉक्टरांनी सगळं विचारलं. ताप कधी आला, ओठाला फोड आले का, आधी कधी असा डोळा आला होता का. मग कापसाचा तंतू ओढून डाव्या बुबुळाला टेकवला. ताईंनी पटकन डोळा मिटला. उजव्याला टेकवला. काही नाही.

“हं,” डॉक्टर म्हणाले.

थेंब्याने डबीचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

“डोळ्यात काही घातलंत?”

“पाणी,” ताई म्हणाल्या.

“नुसतं पाणी?”

ताई समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिल्या. उजव्या डोळ्याने त्यांना त्यातलं वरचं मोठं अक्षरही दिसत नव्हतं, तरी बघत राहिल्या. डॉक्टरांनी मागे हात केला. थेंब्याने पट्टी दिली. तिच्या टोकाला केशरी रंग असतो. ती ओली करून डॉक्टरांनी ताईंच्या पापणीच्या आत टेकवली, त्यांना यंत्रावर हनुवटी ठेवायला सांगितली आणि निळा दिवा लावला. बाजूने मलाही दिसलं. बुबुळावर हिरवागार डाग उठला होता, कडा वेड्यावाकड्या.

डॉक्टर यंत्रातून बघतच बोलले. “जिथे वरची साल सोलली जाते तिथे हा रंग धरतो. हा आजार सुरू होतो तेव्हा आत झाडाच्या फांदीसारखी बारीक रेघ दिसते, टोकाला गाठी असलेली. इथे फांदी राहिली नाही. पसरून नकाशा झालाय. बाई, पाण्याने नकाशा होत नाही. काय घातलं ते कळलं नाही तर पुढचं मी अंदाजाने करणार. अंदाज चुकला तर हा डोळा जाईल.”

ताईंनी हनुवटी तशीच ठेवली होती. त्या बोलणार नाहीत हे मला कळलं. लहानपणापासून याने केलेलं सगळं त्यांनी अंगावर घेतलेलं, आता हेही घेतलं असतं.

“पांढरे,” मागून थेंबे म्हणाला. “हलवायचे ते. दिवसातून चारदा, बारा दिवस. काल सकाळपर्यंत. मी घातले.”

डॉक्टरांनी मान फिरवली नाही.

“हलवून घातलेस?”

“हलवून.”

“चल, तेवढं तरी नीट केलंस.”

मग त्यांनी दिवा बंद केला आणि आम्हाला तिघांनाही समजेल असं सांगितलं. हा एक विषाणू. बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि नसेच्या मुळाशी झोपून राहतो. ताप आला, ऊन लागलं, अंग थकलं की उठतो. कधी ओठावर येतो, कधी डोळ्यात.

“म्हणजे नागीण?” मी मधेच विचारलं.

“नागिणीची चुलत बहीण. घराणं तेच.”

तो नसेलाच धरतो, म्हणून बुबुळाला स्पर्श कळेनासा होतो. दुखत नाही म्हणजे बरं झालं असं इथे समजायचं नाही. आणि लाली? लाली म्हणजे अंग त्याच्याशी भांडत होतं. पांढरे थेंब भांडण मिटवतात. “तू भांडणाऱ्यांनाच घरी पाठवलंस,” डॉक्टर थेंब्याला म्हणाले. “चोराला घर मोकळं.”

ताईंनी विचारलं, “मी धागा तोंडात धरते. त्यामुळे का?”

“बहुतेक तो आतूनच आला. पण फोड असताना धागा तोंडात नको, हात डोळ्याला नको. आणि इतर वेळी तरी कशाला?”

डॉक्टरांनी बधिर करायचे थेंब घातले आणि कापसाच्या बोळ्याने डागाच्या कडेची सैल साल अलगद पुसून काढली. पांढरे थेंब बंद. त्या विषाणूवरचं मलम दिलं, दिवसातून पाच वेळा. दर दोन दिवसांनी येऊन दाखवायचं.

“पाच म्हणजे पाच,” डॉक्टर म्हणाले. “चार घालून पाच म्हणू नका.”

थेंबे जेवायच्या सुट्टीत धावत घरी यायचा. मनगटापर्यंत साबण लावून हात धुवायचा, खालची पापणी ओढायचा, तांदळाएवढं मलम सोडायचा, पुन्हा हात धुवायचा आणि न जेवता परत. त्यांचं बोलणं बंद होतं. मलमापुरतं बोलायचे.

“वर बघ.”

“बघतेय.”

“मिट.”

नोकरी आज जाते की उद्या, याची तो वाट बघत होता. डॉक्टर तीन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलले. चौथ्या दिवशी पेशंटांनी विसरलेल्या सगळ्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्या त्याच्याकडून गोळा करवल्या आणि त्याच्याच हाताने मोरीत ओतायला लावल्या. वर म्हणाले, “उद्यापासून सकाळी तासभर आत उभा राहा. हात लावायचा नाही, तोंड उघडायचं नाही. बघायचं.” अकरा वर्षं नोकरी करून त्याने निळ्या दिव्याखाली यंत्रातून काय दिसतं ते त्यानंतर पहिल्यांदा पाहिलं.

आठव्या दिवशी हिरवा डाग निम्मा झाला. सोळाव्या दिवशी निळ्या दिव्याखाली काही धरलं नाही. जखम भरली. पण बुबुळावर धुरकट खूण राहिली. डोळ्यात फूल पडलं म्हणतात, तसं. डॉक्टर म्हणाले, डोळा वाचला, नजर पूर्ण येणार नाही.

“फूल तर फूल,” ताई म्हणाल्या, “दोऱ्यात ओवता येत नाही एवढंच.”

त्यांनी लाँड्रीवाल्याला स्वतः बोलावून सांगितलं. काळं बारीक कापड आता आणायचं नाही. लोकर, जाड कापड, घोंगड्या आण. तो म्हणाला, “ताई, कोटांचं मी कुणाकडे नेऊ?” त्या म्हणाल्या, “माझ्याकडे दोन डोळे होते तेव्हा विचारलं होतंस का, हिच्यानंतर कोण?” त्यांनी बशीत ओला स्पंज ठेवला आणि धागा त्यावर फिरवायला लागल्या. पहिले दोन महिने हात आपोआप तोंडाकडे जायचा, मग अर्ध्यावरून परत यायचा.

दीड वर्षाने डोळा पुन्हा लाल झाला. या वेळी त्याच दिवशी दोघं दवाखान्यात. मीही होते, सवयच झाली होती. रंग घातला, निळा दिवा लावला. हिरवं काही नाही. डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं आणि चिठ्ठी लिहून थेंब्याकडे दिली. त्याने वाचली आणि परत पुढे केली.

“डॉक्टर, यात पांढरे लिहिलेत.”

“माहीत आहे. मीच लिहिलेत.”

“मी नाही घालणार.”

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. “मागच्या खेपेला वरची साल फाटली होती, विषाणू तिथे चरत होता. आता वरची साल शाबूत आहे. सूज आतल्या थरात आहे. ती उतरवली नाही तर बुबुळ आणखी पांढरं होईल. सोबत मलमाचा पहारा आहे. आणि हे एकदम बंद करायचे नाहीत, आठवड्याआठवड्याने एकेक थेंब कमी. म्हणून मी बघतो आणि तू घालतोस.”

“तुम्ही नर्सबाईंना सांगा.”

“अरे, नर्सबाईंचा थेंब गालावर पडतो,” ताई म्हणाल्या. त्यांनी मान मागे टाकून डोळा उघडून धरला होता. “तुझ्या हाताने गेला, तुझ्याच हाताने घालून घेईन. आटप. मान दुखते.”

त्याने बाटली हलवली. नको तितकी हलवली. पहिला थेंब गालावर पडला. माझ्या माहितीत त्याचा हा एकच. दुसरा आत गेला.

ती सूज उतरायला अडीच महिने लागले. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. त्यानंतर डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. झोपलेल्याला झोपवून ठेवायला. वर्षाने बंद करून पाहिल्या, चार महिन्यांत डोळा पुन्हा लाल झाला. मग डॉक्टर म्हणाले, आता मोडायच्या नाहीत, वर्षातून एकदा रक्त तपासत जाऊ. त्यानंतर डोळा आला नाही असं नाही, एकदा आला होता, पण फांदी एवढीशी होती आणि दुसऱ्याच दिवशी दिव्याखाली सापडली.

जिन्यावर मात्र थेंब्याचं नाव गेलं. कुणाचा डोळा आला आणि दार वाजवलं की तो म्हणायचा, “दवाखान्यात चला, मी बरोबर येतो.” थेंब काही द्यायचा नाही. लोक म्हणाले, चढला. आमचे हेसुद्धा म्हणाले. उलट तोच लोकांच्या घरात शिरून फळीवरच्या उघड्या बाटल्या मागायचा. माझ्याकडच्या दोन नेल्या, एक तर चांगली भरलेली होती. मी कुरकुरले. “वहिनी, कधी उघडली सांगा, लगेच परत देतो,” म्हणाला. मला आठवेना.

जुने डॉक्टर गेले, त्यांच्या जागी तरुण डॉक्टरीण आली. थेंबे निवृत्त झाला. ताईंनी सत्तरीपर्यंत लोकर विणली, पुढे हात थरथरायला लागले म्हणून सोडली, डोळ्यामुळे नव्हे. गोळ्या चालूच होत्या. महिन्याच्या गोळ्या आणायचं काम त्याचं. दुसऱ्या कुणाला सांगायचा नाही. माझी मुलं, सुना, खालचा दुकानदार, सगळे म्हणायचे, आम्ही आणतो. तो हो म्हणायचा आणि स्वतः जायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या छातीचं दुखणं सुरू झालं. जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबायचा. तो गेला त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी दारात खुर्ची टाकून बसले होते. खालून पावलं ऐकू आली, थांबली, पुन्हा आली. हातात कागदी पुडी.

“उद्या आणल्या असत्यास तर काय बिघडलं असतं?” मी म्हटलं.

“संध्याकाळची संपलीय, वहिनी.” तो कठड्याला टेकला. श्वास खाली बसू दिला. “आणि औषधवाल्याने दुसऱ्याच कंपनीची दिली होती. औषध तेच, म्हणे. बदलून घेतली.”

“तेच होतं तर?”

“तेच असेलही. डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय कशाला?”

त्यांचं दार उघडंच होतं. ताई पलंगावर बसल्या होत्या, डावी बाजू दाराकडे करून, कारण त्या बाजूने त्यांना नीट दिसायचं. त्याने पुडी उघडली, जुन्या पट्ट्या पुढे ओढल्या, नव्या मागे ठेवल्या, आणि संध्याकाळची एक गोळी कापून वाटीत घातली.

“तारीख बघितलीस?” ताई म्हणाल्या.

“बघितली.”

“परत बघ. तुला हल्ली चष्म्याशिवाय दिसत नाही.”

त्याने खिशातून चष्मा काढला, पट्टी खिडकीशी नेली आणि परत बघितली.